पुंजण्यावरची ताडपत्री

आचलनं माझ्या दुकानासमोर तीन तंबू उभे केले, आणि एकालाही वास नव्हता. मला आधी त्याचाच राग आला. कापडाला वास पाहिजे. तुमसरच्या बाजारात वीस वर्षं झाली मी बारदाना आणि ताडपत्री विकते. गठ्ठ्याची गाठ सोडली की डोळे मिटून सांगते, माल नवा आहे की धुऊन नवा केलेला. आणि ही पोरगी एक निळा, एक हिरवा आणि एक संत्र्याच्या सालीसारखा तंबू घेऊन आली, नाक लावलं तर काहीच नाही. प्लॅस्टिकच्या बादलीलाही वास असतो.

"आत्या, हुंगू नको नं. लोक पाहून राहिले."

"पाहू दे. लोकायचं खाऊन राहिली का मी?"

आचल माझ्या मोठ्या भावाची मुलगी, नागपूरला कॉलेजात शिकते. नागपूरच्या पलीकडे एका धरणाच्या काठी तीन दिवसांचा गाण्यांचा मेळा होता. ती पोरं त्याला म्युझिक फेस्टिव्हल म्हणतात. दिवसभर गाणी ऐकायची आणि तिथेच मैदानात तंबू ठोकून राहायचं. हिची पहिलीच वेळ. चौघी मैत्रिणींत एक तंबू, आणि तो निवडायचं काम हिच्या गळ्यात पडलं, कारण हिची आत्या ताडपत्रीवाली. दादानं परवा फोनवर हो म्हटलं होतं. फोन माझ्या घरून, स्पीकरवर होता, मी माझ्या कानांनी ऐकलं. "जा, पण तंबू आत्याले दाखवून घे," इतकंच म्हणाला होता.

तंबू असा बाहेरून पाहून घेत नसतात. मी तिला दाखवलं. आधी शिवण अंगठ्याखाली घ्यायची आणि जीव खाऊन दाबायची. मग कडीत बोट घालून हिसका द्यायचा, उपटली तर उपटली. मग कापडाची झोळी करून तांब्याभर पाणी ओतायचं आणि खाली तळहात धरून उभं राहायचं. निळ्याची कडी पहिल्याच हिसक्याला हातात आली. हिरव्यातून पाणी असं आलं, जसं मध्ये कापडच नव्हतं. मी तो गुंडाळून रस्त्यावर भिरकावला. समोरच्या राइस मिलचा हमाल हसला, त्यालाही दोन शिव्या हासडल्या. राहिला संत्र्याच्या रंगाचा. झोळीत पाणी डुलत राहिलं. मी शंभरपर्यंत मोजलं. तळहात कोरडा.

"झालं नं आत्या? हाच फायनल नं?"

मी झोळी तशीच धरून ठेवली. आयुष्यात एकदाच मी असं कोरडं छप्पर पाहिलं होतं, आणि त्याच्याखाली जे झालं ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

आमचं गाव बपेऱ्याच्या बाजूचं. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, कोणाचं लग्न कोणाशी जमवायचं ते तिथेच ठरतं. ढिवर बाया तलावातले शिंगाडे उकडून टोपल्या मांडतात. त्या शिंगाड्यांचा काळा, चिखलाचा वास मला अजून गोड लागतो. जिलबीची कढई, फुटाण्यांची भट्टी, बंड्या सोडल्यावर बैलांच्या घामाचा आणि ओल्या तणसाचा वास, बांगड्यांच्या दुकानातला किणकिणाट. आणि या सगळ्याच्या मधोमध भरदिवसा खडीगंमत. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहायच्या, एकीनं गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातच जबाब द्यायचा. जबाब सुचला नाही तर लोक शिट्ट्या मारून हाकलून द्यायचे. आमच्याकडे नव्या पार्टीनं आपलं पाल आपणच आणायचं, अशी रीत. पाल म्हणजे चार बांबूंवर ताणलेलं कापड, पण म्हातारे ते पाहूनच ठरवायचे की ही पार्टी ऐकायची की शिंगाडे खायला निघून जायचं.

दादा तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि ढोलकी वाजवायचा. मी बारा वर्षांची. तो मला बाई म्हणायचा. ढोलकीला शाई लावताना मला शेजारी बसवायचा, थाप मारायचा आणि विचारायचा, "बाई, सांग, बोलली का?" मी हो म्हणेपर्यंत थांबायचा. घरात त्याच्या ढोलकीला दुसरं कोणी हो म्हणणारं नव्हतं. बाबांनी दोनदा ती अंगणात लाथाडली होती. "ढोलकीनं पोट भरते का बे?" बाबांचा हात जड होता. माझाही आहे. मी तो काही कोणाकडून उसना आणला नाही.

दादाच्या पार्टीची पहिली मंडई शेजारच्या गावात होती. आदल्या दिवशी आम्ही अंगणात पालासाठी कापडं पसरली. मायची जुनी लुगडी जोडून शिवलेलं एक, आणि एका लग्नातून उरलेली कनात. लुगड्यांतून आभाळ दिसत होतं. कनात उचलली तर हातात तिचा तुकडा आला. दादा उकिडवा बसून दोन्हींकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "दादा, ती घे नं." घरामागे आमचं धानाचं पुंजणं होतं. कापलेल्या धानाचे भारे मळणीपर्यंत गोल रचून ठेवतात, ते पुंजणं. वर्षाचं सगळं अन्न त्यात. बाबांनी त्याच्यावर नवीकोरी ताडपत्री घातली होती, जाड, मेणाची, उन्हात तापली की डांबरासारखा वास मारणारी. दादानं माझ्या टाळक्यात टपली मारली. "पागल झाली का? जीव घेतील बाबा." आणि लुगड्याचंच पाल गुंडाळू लागला.

सकाळी बाबा सायकलनं तुमसरला गेले. माय बांधीत, धानाच्या शेतात गेली. दादाची पार्टी बंडी जुंपून वेशीजवळ थांबली होती. मी पुंजण्यावर चढले, दगड ढकलले, दोर सोडले आणि ती ताडपत्री ओढून खाली पाडली. हाताची सालं निघाली. धानाचं कूस मानेत, पाठीत, सगळीकडे टोचत होतं. आभाळ निळं होतं, चेहरा पाहून घ्या इतकं स्वच्छ. फरफटत ती बंडीपर्यंत नेली आणि दादाला म्हटलं, "बाबांनी दिली."

"खरं?"

"खरं. म्हणाले, लेकराची पहिली मंडई आहे."

हे शेवटचं मी का जोडलं, मला माहीत नाही. आमच्या बाबांनी असं वाक्य जन्मात उच्चारलं नसतं. पण दादानं ते झेललं. बंडीतून खाली उतरला, घराकडे तोंड करून दोन्ही हात जोडले आणि डोळे पुसत परत चढला. त्या वेळी मी खोटं परत घ्यायला पाहिजे होतं. मी खुशीत बंडीच्या मागच्या लाकडावर जाऊन बसले.

ते पाल उभं राहिलं तेव्हा मंडईतले लोक वळून पाहायला लागले. एका म्हाताऱ्यानं बोटानं कापड चाचपलं आणि म्हणाला, "बापा! कोणाची पार्टी होय?" मी ओरडून दादाचं नाव सांगितलं. दुपारी ढग आले. कार्तिकात आमच्याकडे पाऊस नसतो, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, आणि मग तो एकदम कोसळला. जिलबीवाला कढई उचलून पळाला. समोरच्या पार्टीचं पाल टपाटपा गळायला लागलं, तर त्यांचे गाणारेच आमच्या पालात आले. बांगडीवाल्या, लेकुरवाळ्या, म्हातारे, पाचपन्नास माणसं दाटीवाटीनं उभी. वरून पाऊस सवाल टाकत होता आणि खालून दादाची ढोलकी जबाब देत होती. लोक बेभान झाले. ओल्या कपड्यांचा, विडीचा, मेणाचा आणि शिंगाड्यांचा वास एकात एक मिसळला होता. एक थेंब आत येत नव्हता. दादानं वाजवता वाजवता माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली, बोलली का? मी जोरजोरात मान हलवली. इतका सुखी माणूस मी पुन्हा पाहिला नाही. घरामागचं पुंजणं त्या वेळी उघडं भिजत होतं, आणि खरं सांगते, मला ते आठवलंही नाही.

बाबा आले ते तुमसरहून घरी जाऊन, भिजलेले भारे उपसून आले होते. अंगभर धानाचा पेंढा चिकटलेला, केसातून पाणी, तोंडातून शब्द नाही. त्यांनी मधला बांबू दोन्ही हातांनी धरला आणि उपटला. वर साचलेलं सगळं पाणी आणि ताडपत्री माणसांवर कोसळली. किंकाळ्या, लेकरांचं रडणं, कापडाखाली लाथा आणि कोपरं. एका बाईच्या हातातल्या बांगड्या फुटून तिच्याच मनगटात घुसल्या. बाबांनी चिखलातून पालाची लाकडी मेख ओढून काढली आणि दादाला शोधून काढलं. तो ढोलकीवर पालथा पडला होता.

पहिला फटका पाठीवर. दुसरा खांद्यावर. "तुम्हीच दिली नं!" दादा ओरडला. "बाबा, तुम्हीच दिली!"

"खोटं बोलते? माझ्या तोंडावर खोटं बोलते?"

"तुम्हीच दिली!"

एकेका शब्दाला एकेक फटका. लोक बाजूला झाले, कोणी मध्ये पडेना. बापलेकाचं भांडण, कोण पडतो? दादानं चिखलातूनच मान वर केली आणि मला पाहिलं. "बाई, सांग नं! सांग नं याईले!" बाबांची मेख वरच्या वर थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय सांगते?"

मी म्हटलं, "मले मालूम नाही."

मेख खाली आली ती ढोलकी झाकणाऱ्या डाव्या हातावर. वाळकी तुऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. मग बाबांनी ढोलकीची पुडी टाचेनं फोडली आणि ताडपत्री खांद्यावर टाकून, पावसात, चालत घरी निघून गेले.

दादाची दोन बोटं जुळली, पण वाकडी. त्या वर्षीचं धान पुंजण्यातच तापलं, आतून वाफ यायची, भाऱ्यांना हिरवे कोंब फुटले. वाचलं ते मळून काढलं आणि वर्षभर तोच तांदूळ खाल्ला. भात शिजला की घरभर कुबट, ओल्या पोत्याचा वास. मायनं लसणाची फोडणी दिली, ताक घातलं, चिंच घातली, वास काही गेला नाही. मी घास गिळायचे आणि मला वाटायचं, बरं झालं, खा आता.

दादाला मात्र एकदाही वाटलं नाही की मी खोटं बोलले. महिनाभरानं एकदा विहिरीवर मला म्हणाला, "तू भ्याली होती, मले समजते. पण त्याईनं दिली आणि पलटले. असा माणूस बाप कसा म्हणायचा?" मी बादली उचलून घरी निघाले. त्या दिवसापासून तो बाबांशी बोलला नाही. आणि बाबाही बोलले नाहीत, कारण त्यांच्या लेखी पोरगा चोर होता आणि वर खोटारडा. एका चुलीचं जेवायचे, एका बांधीत नांगर धरायचे, आणि बोलणं सगळं माझ्या तोंडून. "बाई, त्याले सांग, पाणी सोड." "बाई, त्याईले सांग, बैल बसला." लग्न होऊन मी तुमसरला आले तर निरोप फोनवर येऊ लागले. एकाच घरात राहायचे, आणि फोन मला! चोवीस वर्षं मी दोघांचे निरोप पोचवले, खताचे, औषधाचे, आचलच्या बारशाचे. जो एक निरोप पोचवायचा होता तो पोचवला नाही. भीती वाटायची. मी घाबरट होते, दुसरं काही नाही. ग्राहकांवर ओरडते, हमालाच्या कानाखाली वाजवते, बाजारात मला सगळे टरकतात, आणि बारा वर्षांच्या पोरीचं एक वाक्य मला तोंडातून काढता आलं नाही.

आठ वर्षांपूर्वी बाबा गेले. आदल्या दिवशी मी उशाशी होते. म्हणाले, "त्याले विचार एकदा. काहून खोटं बोलला? ताडपत्रीचं नाही काही. खोटं काहून बोलला?" मी म्हटलं, विचारते. नाही विचारलं.

"आत्या!" आचलनं मला हलवलं. "पाणी सांडून राहिलं. कुठे हरवली?"

तेवढ्यात दादाची मोटारसायकल येऊन थांबली. उतरायच्या आधीच मला कळलं. बाबांसारखंच त्याचं तोंड बंद असलं की समजायचं. गावात कोणीतरी त्याच्या कानात भरलं होतं की तिथे पोरं-पोरी एका तंबूत राहतात, दारू वाहते, हे नाही ते. त्यानं आल्या आल्या तंबूला लाथ घातली. दांड्या वाकल्या, कापड जमिनीला टेकलं.

"कोण म्हटलं तुले जा म्हणून?"

"तुम्हीच म्हटलं, बाबा. परवा. फोनवर."

"मी हो म्हटलंच नव्हतं."

"म्हटलं होतं! तुम्हीच म्हटलं होतं!"

"खोटं बोलते? माझ्या तोंडावर खोटं बोलते?"

शब्द तेच होते. त्यानं वाकलेल्या तंबूतून एक दांडी उपसली. आचलनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि माझ्याकडे पाहून ओरडली, "आत्या, तू ऐकलं नं! सांग नं याईले!"

मी मध्ये घुसले आणि दांडी धरली. तळव्यात तिची धार गेली. "म्हटलं होतं तू, दादा. मी ऐकलं. देऊन पलटू नको."

"तू बाजूले हो."

"नाही होत. अजून एक सांगते, मग मार मले. बाबांनी ताडपत्री दिली नव्हती. मी काढली पुंजण्यावरून. त्याईले मालूमच नव्हतं."

"कोणती ताडपत्री?" तो म्हणाला, आणि मग त्याला समजलं. त्याच्या तोंडाचा रंग गेला. "पहिली मंडई आहे म्हणाले होते," तो हळूच म्हणाला.

"तेही मीच बनवलं. बाबा काहीच म्हणाले नव्हते."

त्यानं दांडी सोडली आणि मला मारलं. डाव्या हातानं, त्याच वाकड्या बोटांच्या. एक, दोन, तीन. तिसऱ्याला माझा ओठ फुटला आणि तोंडात रक्ताची चव आली. हमाल धावत आला, मी त्याला हातानं थांबवलं. आचल किंचाळत होती, "बाबा, सोडा तिले!" मी आयुष्यात कोणाचा मार असा उभी राहून खाल्ला नाही. तो मार माझाच होता. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या हातावर राहिला होता.

मग तो ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यावर बसला. धापा टाकत होता. धाप ओसरल्यावर म्हणाला, "बाबांनी कधी काही विचारलं?"

"जायच्या आदल्या दिवशी. म्हणाले, त्याले विचार, काहून खोटं बोलला."

"म्हणजे ते खरं बोलत होते."

"हव."

"आणि मी पण खरंच बोलत होतो."

"हव, दादा."

त्यानं आपला हात समोर धरून पाहिला, जसा कोणा दुसऱ्याचा असावा. "जीव जात होता तेव्हा माय म्हणे, पोरा, तोंडात पाणी टाक. मी दारातच उभा राहिलो. ते माझ्याकडे पाहून राहिले होते, बाई. तोंड उघडं होतं. मी नाही टाकलं."

मला हे माहीत नव्हतं. मी बाहेर डॉक्टरला फोन लावत होते तेव्हा. मी त्याच्या खांद्याला हात लावायला गेले, तर त्यानं तो झटकून टाकला, कुत्रं झटकावं तसा. उठला, तोंड पुसलं, पोरीजवळ गेला. आचल मागे सरकली. तो तिथेच थांबला, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "जा तू. मी हो म्हटलं होतं."

माझ्याकडे न पाहता तो गाडीवर बसला. आचल गेली, तीन दिवस राहिली, परत आली. दादा अजून माझ्याशी बोललेला नाही.